पाठीमागचा दिवा



कार्तिक महिना लागला की जुन्नर आणि आंबेगाव ह्या दोन तालुक्यांतील रात्रीचे रूप पालटू लागते. निवृत्तीनगरचा विघ्नहर सहकारी साखर कारखाना आणि पारगावचा भीमाशंकर सहकारी साखर कारखाना ह्यांचे गाळप सुरू होते, आणि कुकडी, मीना व घोड ह्या नद्यांच्या खोऱ्यांतील ऊस रात्रंदिवस रस्त्यावर येतो. ह्याच रस्त्यावरून नारायणगावच्या बाजारातील भाजीपाला आणि सातगाव पठारावरील बटाटा जातो. दूध पोचवून परतणारा गवळी आणि मुक्कामाच्या गाडीने उतरून मोटारसायकलीवर घरी निघालेला मुलगाही ह्याच रस्त्याने जातात. पुणे-नाशिक महामार्ग रुंद झाला, गावांना बाह्यवळणे झाली, वाहनांचे वेग वाढले. परंतु उसाच्या ट्रॉलीचा वेग बैलगाडीच्या वेगाहून फारसा पुढे गेलेला नाही. जलद आणि मंद अशी ही दोन वाहने अंधारात एकामागे एक चालतात, आणि त्या दोघांमध्ये जे काही अंतर राहते ते केवळ एका लाल दिव्याच्या भरवशावर राहते.

वाहनाच्या दिव्याची कामे दोन. पुढचा दिवा चालकास रस्ता दाखवितो. मागचा दिवा चालकाच्या स्वतःच्या उपयोगाचा मुळीच नाही. तो दुसऱ्याकरिता लावावयाचा असतो, आणि म्हणूनच त्याच्याकडे प्रथम दुर्लक्ष होते. पुढचा दिवा गेला तर गाडी त्याच क्षणी थांबते. मागचा गेला तर ती निर्धास्तपणे कारखान्यापर्यंत जाते. पूर्वीचा गाडीवान साटीखाली आखाजवळ कंदील टांगीत असे. वाट बैलांना ठाऊकच असे. तो हेलकावणारा कंदील मागून येणाऱ्यासाठीच असे. ही रीत गाडीवानास कोणत्याही कायद्याच्या पुस्तकाने शिकविलेली नव्हती.

आजचा कायदा स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये झाले. त्यांप्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, आणि एरवीही पुरेसा उजेड नसेल तेव्हा, दिवे लागलेच पाहिजेत. पुढच्या दिव्याने १५५ मीटरपर्यंतची माणसे व वाहने स्पष्ट दिसली पाहिजेत, आणि मागचा लाल दिवाही १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. अंकपट्टीवर पांढरा उजेड इतका पडावा की ती १५ मीटरवरून वाचता यावी. ट्रॉलीला इंजिन नाही, सबब तिला हे लागू नाही, असे कित्येकांस वाटते. ते खरे नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे.

१५५ मीटर हा आकडा कोणास अवाजवी वाटेल, म्हणून थोडे गणित करून पाहावे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. पुढची ट्रॉली ताशी २० किलोमीटरने चालली आहे असे धरले, तर दोहोंमधील अंतर दर सेकंदास जवळजवळ १७ मीटरने घटते. समोरून वाहन येत असल्याने मोटारवाल्याने दिवा खाली केलेला आहे. त्या उजेडात त्यास फार तर चाळीसपन्नास मीटर दिसते. म्हणजे मागचा दिवा नसलेली ट्रॉली दिसल्यापासून तिच्यावर आदळेपर्यंत त्याच्या हाती अडीचतीन सेकंद असतात. त्यांतील एकदीड सेकंद डोळ्यांनी पाहिलेले मनास पटण्यात आणि पाय ब्रेकवर जाण्यातच खर्ची पडते. लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला असता, तर हाच अवधी नऊ सेकंदांचा झाला असता.

मग ट्रॉलीचा दिवा जातो कोठे? ट्रॅक्टरपासून पहिल्या ट्रॉलीपर्यंत आणि तिच्यापासून दुसरीपर्यंत विजेची तार गेलेली असते. ट्रॉल्या सोडता-जोडताना तिची पिन वाकते, तार घासते, चिखलात तुटते. आणि पहिल्या जोडावर तुटली की शेवटची ट्रॉलीही अंधारात जाते. तार शाबूत असली, तरी वर रचलेल्या उसाचे वाढे मागे लोंबून दिव्याला झाकून टाकतात. ट्रॉलीच्या मागे दोन्ही कडांस लाल परावर्तक असावेत असा नियम आहे. आपल्याकडे त्याच्या पट्टीला सर्रास ‘रेडियम’ म्हणतात. वस्तुतः तीत त्या मूलद्रव्याचा अंशही नसतो आणि ती स्वतः प्रकाशतही नाही. पडलेला उजेड ती आल्या वाटेने परत धाडते, एवढेच तिचे काम. त्यामुळे धुळीने माखलेली पट्टी असून नसल्यासारखी. खेपेगणिक ओल्या फडक्याचा एक हात पुरतो, पण तो फिरविणारा विरळा. ह्याच ट्रॅक्टरांच्या कपाळावर रंगीबेरंगी माळा चमकत असतात, कर्णे गावभर ऐकू जातील एवढ्याने वाजत असतात आणि मागे काळोख असतो. पुढून लाल दिवा दिसता कामा नये, असाही नियम आहे, हे त्या रोषणाईच्या हौशी मंडळींनी ध्यानात घ्यावे.

मोटारवाल्यांचा अपराधही लहान नाही. समोरून वाहन येताना ‘डिप्पर’ देणे, म्हणजे झोत खाली घेणे, हे पुष्कळांना दुबळेपणाचे वाटते. समोरच्याने आधी द्यावा, अशी चुरस लागते. नियमात तर माणसाच्या डोळ्याचे ठिकाणही मोजून दिले आहे: दिव्यापासून ८ मीटर पुढे, जमिनीपासून दीड मीटर उंच, तेथे असलेला डोळा दिपता कामा नये. दिपलेल्या डोळ्यास सावरण्यास काही सेकंद लागतात, आणि नेमकी त्याच वेळी ट्रॉली पुढे असते. अशा वेळी झोताकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेवर दृष्टी ठेवावी आणि वेग कमी करावा. माळशेज घाटात किंवा घोडेगावावरून भीमाशंकरकडे जाताना धुके दाटले, तर वरचा झोत धुक्यावरूनच परतून डोळ्यांत येतो. तेथे खालचा दिवाच उपयोगी.

बंद पडलेले वाहन ओढून नेण्याचे नियम निराळे आहेत. दोहोंमधील अंतर पाच मीटरांहून अधिक नसावे, दोर किंवा साखळी इतरांस सहज दिसावी, ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या सुकाणूवर परवानाधारक माणूस बसलेला असावा, आणि गाडी ओढली जात असल्याची पाटी मागे ठळक अक्षरांत असावी. दोराला एक पांढरे फडके बांधले, तरी पायी चालणारा दोन गाड्यांच्या मधून ओलांडू पाहणार नाही. मागच्या गाडीची वीजच गेली असेल, तर रात्रीपुरती ती न हलविता कडेला ठेवणे बरे.

मात्र कडेला ठेवण्याचीही एक रीत आहे. लाल त्रिकोण गाडीच्या अगदी टेकून नव्हे, तर बराच मागे, वळण असल्यास वळणाच्याही अलीकडे ठेवावा. आपल्याकडे त्रिकोणाऐवजी दगड मांडतात आणि झाडाची डहाळी खोचतात. डहाळी अंधारात दिसत नाही. पहाटे मिस्त्री येतो, गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, आणि दगड तेथेच राहतात. दुसऱ्या रात्री त्याच वाटेने येणाऱ्या मोटारसायकलवाल्यास त्यांचा पत्ता नसतो. जाताना ते दगड उचलून चरात टाकण्यास दोन माणसांना पाच मिनिटे लागतात.