शिक्षेचे माप

रायपूरशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. भोसल्यांच्या अमदानीत नागपूरकडून छत्तीसगडात गेलेली कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली आणि तेथील बोलीशी व भातशेतीशी समरस होऊन गेली. मराठी मातृभाषेचेच एक विद्वान, माधवराव सप्रे, यांनी १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. उत्तरायुष्यात रायपूर येथे राहून १९२६ साली त्यांनी तेथेच देह ठेवला. या मासिकात १९०१ साली त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही छोटीशी कथा प्रसिद्ध झाली. हिंदीतील आरंभीच्या लघुकथांमध्ये तिची गणना होते.

कथा अगदी साधी आहे. एका जमीनदाराच्या वाड्याशेजारी एका अनाथ वृद्धेची झोपडी असते. वाड्याचे आवार वाढवण्याच्या हौसेपायी जमीनदार वकिलांच्या साहाय्याने न्यायालयातून त्या झोपडीचा ताबा मिळवतो आणि म्हातारीला बाहेर काढतो. एके दिवशी ती येऊन नातीसाठी चूल घालावयास झोपडीतली टोपलीभर माती मागते आणि टोपली डोक्यावर चढवण्यास हात लावण्याची विनंती करते. जमीनदाराला ती टोपली जागची हलवता येत नाही. या झोपडीत तर अशा हजारो टोपल्या माती आहे, तिचा भार जन्मभर कसा वाहणार, असा म्हातारीचा साधा प्रश्न त्याच्या काळजाला भिडतो आणि तो झोपडी परत करतो.

या कथेतील न्यायालय म्हातारीच्या बाजूने उभे राहत नाही. तेथे निकाल कायदेशीर आहे, कागदपत्रे नीट आहेत, आणि तरीही वाचकाचे मन तो निकाल मान्य करीत नाही. वृद्धांवर हात उगारणाऱ्याला एखाद्या न्यायालयाने अल्पशी शिक्षा देऊन सोडले, की लोकांच्या मनात जो क्षोभ उसळतो, त्याची जात हीच असते. रायपूर असो वा नागपूर, चहाच्या दुकानापासून वर्तमानपत्राच्या पत्रव्यवहारापर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो : म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर उठलेल्या वळाची किंमत एवढीच काय? या क्षोभात कितपत विवेक आहे आणि कितपत आंधळेपणा आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

अशा क्षोभाला कारण झालेला एक खटला देशभर गाजला. २७ डिसेंबर १९८८ रोजी पतियाळा शहरात, भर रस्त्यात उभ्या असलेल्या मोटारीवरून वाद होऊन ६५ वर्षांच्या एका गृहस्थाला मारहाण झाली आणि त्यांचा अंत झाला. आरोपींपैकी एक होते त्या वेळी २५ वर्षांचे असलेले प्रसिद्ध क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू. १९९९ साली सत्र न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. २००६ साली उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाबद्दल ३ वर्षांची शिक्षा दिली. १५ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मृत्यू त्या प्रहारानेच झाला हे पुराव्यावरून सिद्ध होत नाही, असे मानून न्यायालयाने केवळ साध्या दुखापतीचा गुन्हा कायम केला आणि १००० रुपये दंड ठोठावला. तुरुंगवास दिला नाही. मृताच्या कुटुंबीयांनी फेरविचाराचा अर्ज केला. १९ मे २०२२ रोजी त्याच न्यायालयाने दंडाच्या जोडीला १ वर्षाची सक्तमजुरी फर्मावली.

या दोन निकालांमध्ये गुन्ह्याचे नाव बदलले नाही, पुरावा बदलला नाही, कायद्याचे कलमही बदलले नाही. बदलले ते केवळ माप. एखादा मुष्टियोद्धा, मल्ल किंवा क्रिकेटपटू जेव्हा हात उगारतो तेव्हा तो हातच शस्त्र ठरू शकतो, आणि येथे तो प्रहार तुल्यबळ माणसावर झालेला नसून दुपटीहून अधिक वयाच्या माणसावर झालेला होता, ही गोष्ट पूर्वी शिक्षा ठरवताना हिशेबात आली नव्हती. दुसऱ्या खेपेस ती आली. म्हणजेच लोकांच्या मनात अस्पष्टपणे जे सलत होते, तेच अखेर न्यायाच्या भाषेत मांडले गेले. प्रहार मोजावयाचा तो मारणाऱ्याच्या हाताइतकाच सोसणाऱ्याच्या देहाने मोजला पाहिजे. तरुणाला बसलेली थप्पड संध्याकाळपर्यंत विसरली जाते. त्याच थपडेने म्हातारा माणूस जमिनीवर पडतो, खुब्याचे हाड मोडते आणि पुष्कळदा तो पुन्हा उठतच नाही.

आता कायद्याकडे पाहू. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत साध्या दुखापतीला अधिकात अधिक १ वर्ष कैद किंवा १००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने दंडाची मर्यादा १०,००० रुपयांपर्यंत वाढवली, कैदेची मर्यादा मात्र होती तेथेच राहिली. याच सुमारास आलेल्या नव्या प्रक्रिया-संहितेने वार्धक्याची दखल घेतलेली आहे. ६० वर्षांवरील पुरुषाला साक्षीसाठी पोलीस ठाण्यावर येण्याची सक्ती करता येत नाही. किरकोळ गुन्ह्यात ६० वर्षांवरील आरोपीला अटक करावयाची, तर उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची अनुमती लागते. साक्षीदाराचे वय कायद्याला दिसते, आरोपीचे वय दिसते, पण मार खाणाऱ्याचे वय दुखापतीच्या कलमात कोठेही लिहिलेले नाही. ते पाहणे सर्वस्वी न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवलेले आहे. विवेक जागा असला तर ते दिसते, कामाच्या रगाड्यात तो क्षणभर डुलकला तर राहून जाते.

लोकांच्या क्षोभाला कायदेशीर वाटही अरुंद आहे. २००९ सालाअखेर पीडिताला अपिलाचा हक्क मिळाला. आरोपी सुटला, त्याला हलक्या गुन्ह्याखाली दोषी धरले किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडित अपील करू शकतो. परंतु शिक्षाच अपुरी आहे, एवढ्या कारणासाठी अपील करण्याचा अधिकार त्याला नाही. तो सरकारचा आहे. म्हणून ज्या समाजाला अशा निकालाची चीड येते, त्याने आपली मागणी न्यायाधीशाच्या नावाने बोटे मोडण्यापेक्षा सरकारपुढे ठेवणे अधिक फलदायी होय.

येथवर क्षोभाची बाजू न्याय्य ठरते. पण या नाण्याला दुसरी बाजू आहे. रस्त्यावरच्या परक्या माणसाने मारलेला म्हातारा आणि घरच्या माणसाने मारलेली म्हातारी, यांची प्रकरणे एका तागडीत तोलता येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ६० वर्षांवरील दर ६ माणसांपैकी सुमारे एकाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारचा छळ किंवा हेळसांड सोसावी लागते. आपल्याकडे तर पुष्कळदा हा छळ उंबरठ्याच्या आतच चालतो. साधी दुखापत हा तडजोडीस पात्र असलेला गुन्हा आहे. ज्याला मार बसला त्याने मान्य केले की खटला मिटतो. म्हातारी साक्षीला उभी राहते आणि जिन्यावरून पाय घसरला असे सांगते, कारण संध्याकाळी तिला त्याच घरी परतावयाचे असते आणि त्याच सुनेच्या हातची भाकरी खावयाची असते. मुलाला तुरुंगात धाडून रिकाम्या घरात ती काय करणार? अशा वेळी कागदावर दिसणारी शिक्षा सौम्य असते खरी. पण ती सौम्यता न्यायाधीशाने दाखवलेली नसते. शेजाऱ्यांनी, भाऊबंदांनी आणि गावाने ती केव्हाच दाखवलेली असते. रात्री भिंतीपलीकडून आवाज आला तेव्हा जे गप्प राहिले, तेच निकालाच्या दिवशी सर्वांत मोठ्याने ओरडतात.

छत्तीसगडाने याचे अधिक भीषण रूप पाहिले आहे. गावात गुरे मेली, पोर आजारी पडले, की एखाद्या निराधार स्त्रीला, आणि पुष्कळदा ती वृद्ध विधवाच असते, 'टोनही' म्हणजे चेटकीण ठरवून तिचा छळ करावयाचा, ही तेथील जुनी दुष्ट चाल. त्या राज्याने २००५ साली टोनही प्रताडना निवारण अधिनियम केला. कोणाला टोनही ठरवणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत आणि त्या नावाखाली शारीरिक वा मानसिक छळ करणाऱ्यास ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी, अशी त्यात तरतूद आहे. रायपूरचे नेत्रवैद्य डॉ. दिनेश मिश्र यांनी गावोगाव हिंडून या समजुतीविरुद्ध लोकजागृतीचे काम चालवले. येथे तर छळ करणारा जमाव म्हणजेच समाज असतो. साक्षीदार त्यातूनच यावयाचे असतात. शिक्षा कठोर असली, तरी ती सिद्धीस जाण्यासाठी एक माणूस तरी जमावातून बाहेर पडून खरे बोलावा लागतो.

मग उपाय कोणता? २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणविषयक कायद्याने काही साधने हाती दिली आहेत. उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाचे न्यायाधिकरण, निर्वाहाच्या अर्जाचा सामान्यतः ९० दिवसांत निकाल, आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मिळण्याची सोय. वृद्धाला टाकून देणाऱ्यास मात्र जास्तीत जास्त ३ महिने कैद किंवा ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, एवढीच शिक्षा त्यात आहे. ती वाढवू पाहणारे २०१९ सालचे विधेयक संमत न होताच त्या लोकसभेबरोबर लयास गेले. तरीही या कायद्याचे खरे बळ शिक्षेपेक्षा परत मिळवून देण्यात आहे. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील छतरपूरच्या एका मातेने मुलाला करून दिलेले बक्षीसपत्र रद्द ठरवले आणि घराचा ताबा तिला परत देवविला. सप्र्यांच्या कथेतील म्हातारीला जे एका माणसाच्या पश्चात्तापामुळे मिळाले, ते या मातेला कायद्याने मिळाले. पश्चात्ताप ही देवाघरची देणगी होय. ती प्रत्येक जमीनदाराला होईलच असे नाही, म्हणून तर कायदा असावा लागतो.

तेव्हा शिक्षेचे माप ठरवताना न्यायासनाने मार खाणाऱ्याच्या दुबळेपणाचे वजन पारड्यात टाकावे, ही समाजाची मागणी रास्त आहे आणि ती सातत्याने केली पाहिजे. परंतु ती करणाऱ्याने त्याच तागडीत स्वतःच्या मौनाचेही वजन घालावयास हवे. शेजारच्या घरातून कण्हण्याचा आवाज आला असता दार ठोठावणे, सोबत जाऊन तक्रार लिहून देणे, १४५६७ या ज्येष्ठांसाठीच्या दूरध्वनी क्रमांकावर कळवणे, साक्षीच्या दिवशी त्या म्हातारीच्या शेजारी उभे राहणे आणि त्या रात्री तिला परतावयास दुसरे छप्पर आहे असा भरवसा देणे, ही कामे कोणताही न्यायाधीश करू शकत नाही.

कथेतील म्हातारीने जमीनदाराला फक्त टोपलीला हात लावावयास सांगितले होते. हात लावल्यावरच त्याला तिचा भार कळला.