तिकीट नसलेलं चंद्रपूर

(रविवारच्या भागात बोललो ते इथं लिहून देतोय. बोलताना "म्हणजे" आणि "अॅक्च्युअली" फार आलं होतं, तेवढं काढून टाकलंय.)

 

मी गडचांदूरचा, हे तुम्हाला माहीतच आहे. बीटेक केलं, काही वर्षं पुण्यात काढली, आता त्याच कंपनीचं काम घरून करतो. त्यामुळे पुण्याच्या मित्रांचा मेसेज ठरलेला असतो: "तुझ्याकडे येतो, ताडोबा करू." मग ते सफारीचं बुकिंग बघतात, जिप्सी, गाईड, रिसॉर्ट अशी बेरीज करतात आणि लिहितात, "पुढच्या वर्षी बघू." दुसऱ्या बाजूला आपल्या गावचे पोट्टे. त्यांना विचारलं की म्हणतात, "गडचांदुरात काय हाय बे? सिमेंट अन् धूळ."

मला दोघांची चूक एकच वाटते. ज्याला तिकीट नाही ते बघण्यासारखं नाही, असं आपण धरून चाललोय. म्हणून आजचा भाग त्यावर. फिल्टर एकच लावलाय: प्रवेश शून्य रुपये. पेट्रोल, चहा, पोहे तुमचे तुम्ही.

हा विषय सुचला तो स्कॉटलंडमुळे. तिथल्या बेटांवर पैसे न देता काय काय बघता येतं, ते वाचत बसलो होतो. अरान नावाच्या बेटावर मॅक्री मूर म्हणून एक माळ आहे. त्यावर चार हजार वर्षांहून जुने उभे दगड आहेत. लोक शेतातून चालत जातात, बघतात, परत येतात. हे वाचून मला आपलं हिरापूर आठवलं. चिमूर तालुक्यात, आपल्याच जिल्ह्यात. तिथंही महापाषाण काळातली दगडी शिळास्मारकं आहेत. अरानला जगभरातून माणसं जातात. हिरापूरला तुमच्यापैकी किती जण गेलेत?

बरं, सुरुवात घरापासून करू.

गडचांदूरहून जिवतीच्या डोंगराकडे निघालं की अमलनाला धरण लागतं आणि वर डोंगरात माणिकगड किल्ला. हा किल्ला माना नागवंशी राजांनी बांधला असं मानलं जातं, नंतर तो गोंड राजांकडे आला. आज तिथं पडकी तटबंदी, दरवाजा, पाण्याची टाकी आणि भरपूर झाडी आहे. रायगडासारखं काही डोक्यात ठेवून जाऊ नका. इथं पायऱ्या, रेलिंग, बोर्ड असं फारसं काही नाही. पण तटावरून खाली बघितलं की आपला अख्खा पट्टा दिसतो: शेतं, कारखान्यांची धुराडी, खाणींचे पांढरे खड्डे.

आणि ते पांढरे खड्डे नुसते बघून सोडू नका. इथं सिमेंटचे कारखाने आले कारण खाली चुनखडी आहे, आणि ही चुनखडी समुद्राच्या तळाशी तयार झालेली आहे. शंभर कोटी वर्षांहून जुनी. म्हणजे आपल्याकडे बेट नसलं तरी समुद्र होता! आपल्या घराच्या स्लॅबमध्ये तोच समुद्र आहे.

आता इथली काळजी. माणिकगडाच्या आसपास जंगल आहे आणि आपल्या जिल्ह्यात वाघ ही कल्पना नाही. एकट्याने जाऊ नका, सकाळी जा, दुपारी खाली या. पावसाळ्यात गवत वाढलेलं असताना पायवाट सोडू नका. वनविभागाचं कोणी भेटलं आणि "आज जाऊ नका" म्हणालं, तर गाडी वळवायची. वाद घालायचा नाही.

आता चंद्रपूर. इथं मी जरा जास्त वेळ घेणार, कारण हे शहर आपण सगळे फक्त कामापुरतं बघतो. दवाखाना, कॉलेज, खरेदी, परत.

जुन्या शहराभोवती गोंड राजांचा परकोट आहे. चार दरवाजे: जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा. आणि पाच खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे. जटपुऱ्यातून आपण हजार वेळा गेलोय, हॉर्न वाजवत. पुढच्या वेळी गाडी बाजूला लावा आणि दरवाजाकडे मान वर करून बघा. हत्तीवर सिंह कोरलेला दिसेल. ते गोंड राजांचं राजचिन्ह.

या परकोटाची गोष्ट तुम्ही आजीकडून ऐकली असेल. खांडक्या बल्लाळशहा राजाच्या अंगावर फोड आले होते. झरपट नदीच्या पाण्यानं तो बरा झाला. नंतर त्याच भागात शिकारीला गेला असता त्याला उलटंच दृश्य दिसलं: कुत्रा सशाच्या मागे नाही, ससा कुत्र्याच्या मागे. राणीनं सांगितलं, ही जागा साधी नाही, इथं शहर वसवा. ससा जिथून जिथून धावला तिथून कोट बांधला, असं सांगतात. दंतकथा आहे, पण लोकांना ती अजून तोंडपाठ आहे.

अंचलेश्वर दरवाजाकडे गेलात की गोंड राजांच्या समाध्या बघा. सगळ्यात देखणी आहे ती बीरशहाची. ती बांधली त्याच्या राणीनं, राणी हिराईनं. नवऱ्यानं बायकोसाठी बांधलेली इमारत बघायला आपण आग्र्याला जातो, तिकीट काढतो. बायकोनं नवऱ्यासाठी बांधलेली आपल्या घराजवळ आहे. मी गेलो तेव्हा आत माणसं किती होती? मी, आणि सावलीत अभ्यास करत बसलेल्या दोन मुली.

या परकोटाची अवस्था काही वर्षांपूर्वी वाईट होती. झाडं-झुडपं, कचरा, बुरूज दिसतसुद्धा नव्हते. २०१७ मध्ये इको-प्रो या संस्थेच्या स्वयंसेवकांनी हातात कुऱ्हाडी, फावडी घेतली आणि रोज सकाळी साफसफाई सुरू केली. त्याच वर्षी पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्यांचा उल्लेख केला. म्हणजे आज तुम्ही ज्या भिंतीवर उभं राहून रील काढता, ती दिसते ती कोणाच्या तरी घामामुळे. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

चंद्रपुरातच लालपेठला जा. उघड्यावर प्रचंड दगडी मूर्ती पडलेल्या आहेत. अनेक तोंडांची देवी आहे, तिला लोक रावण म्हणतात. शिवाय नंदी, मासा, कासव, शिवलिंग. रायप्पा नावाच्या एका कोमटी व्यापाऱ्यानं देऊळ बांधायला घेतलं आणि ते राहूनच गेलं, असं सांगतात. नावच पडलं 'अपूर्ण देवालय'. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोजेक्ट अर्ध्यात बंद पडला, पण कोड अजून सर्व्हरवर आहे.

परत येताना बल्लारपूरला उतरा. वर्धा नदीच्या काठावर किल्ला आहे. चंद्रपूरच्या आधी गोंड राजांची राजधानी इथं होती. संध्याकाळी नदीकडच्या बाजूला उभं राहिलं की बाकी काही बोलायची गरज नसते.

दुसरा दिवस भद्रावतीला द्या. तिथं विजासन लेणी आहे. बौद्ध लेणी, डोंगरात सरळ आत कोरत नेलेली, सत्तर फुटांच्या आसपास, आणि टोकाला बसलेली भव्य बुद्धमूर्ती. डाव्या-उजव्या बाजूलाही अशाच ओळी निघतात. आत अंधार असतो, वटवाघळं असतात. मोबाईलचा टॉर्च चालेल, पण बॅटरी भरून न्या. आणि आत ओरडून आवाज घुमतो का ते बघू नका. कोणी ध्यानाला बसलेलं असतं. गावातला जुना तलाव आणि त्यातला दगडी खांबांचा पूलही बघा.

लांबची ठिकाणं पटकन सांगतो, कारण यांना मुक्काम लागतो. गडचिरोलीत चामोर्शीजवळ वैनगंगेच्या काठावर मार्कंडादेव. देवळांचा समूह आहे, शिल्पं अशी की एका भिंतीसमोर तासभर जातो. जुन्या काळी वीज पडून मुख्य देवळाची मोडतोड झाली होती. पुढे आलापल्लीचं वनवैभव: सहा हेक्टरचा जुना, न तोडलेला जंगलाचा तुकडा. २०१४ मध्ये तो महाराष्ट्रातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ झाला. आधी आलापल्लीत वनविभागाकडे विचारून जा. त्याच्याही पुढे भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या भेटतात, तर सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीत मिसळते. नद्या बघायला अजून तरी कोणी पैसे मागत नाही.

खर्चाचं म्हणाल तर दोन-तीन मित्रांनी मिळून पेट्रोल टाकलं की झालं. मुलींसाठी एक गोष्ट: मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, भद्रावती तिन्ही एसटीनं होतात.

आता तो राहिलेला मुद्दा. फुकट म्हणजे बेवारस नाही.

स्कॉटलंडमध्ये २००३ चा एक कायदा आहे. त्यानं लोकांना बहुतेक मोकळ्या जमिनीवर आणि तळ्यांवर फिरायचा हक्क दिला. पण सोबत अट आहे: जबाबदारीनं फिरा. स्काय बेटावर फेअरी पूल्स म्हणून धबधब्याची कुंडं आहेत. बघायला पैसे नाहीत, गाडी लावायला आहेत. तिकीट नाही म्हणून खर्च नाही, असं नसतं. वाट नीट ठेवायला, संडास बांधायला, कचरा उचलायला पैसे लागतातच. प्रश्न एवढाच, ते कोण देतं.

आपल्याकडे बघा. पावसाळ्यात धरणं, नाले वाहायला लागले की गर्दी होते, आणि पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात. सेल्फीसाठी ओल्या दगडावर गेलेली, पोहता न येणारी. तिथं दोरी नसते, ट्यूब नसते, बघणारा माणूस नसतो. मला वाटतं, अशा प्रत्येक ठिकाणी बघणं मोफतच ठेवावं, पण गाडीमागे दहा-वीस रुपये ग्रामपंचायतीनं घ्यावेत आणि त्यातून पावसाळ्यापुरती गावातलीच दोन पोहणारी पोरं नेमावीत. तुमच्या गावात असं धरण असेल तर ग्रामसभेत हा विषय काढा. ग्रामसभा ही पण मोफतच आहे, आणि तिथंही आपण जात नाही.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा ऐकलं असेल. २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. त्यांचं म्हणणं साधं आहे: आमच्या गावात आम्हीच सरकार. म्हणून असं जंगल दिसलं की ते 'कोणाचंच नाही' असं समजू नका. मोहफुलं, तेंदूपत्ता, बांबू यांवर तिथं घरं चालतात. वाटेत माणूस भेटला की विचारा, "काका, इकडून गेलं तर चालेल का?" नव्वद टक्के वेळा काका स्वतः रस्ता दाखवतात.

आणि संरक्षित स्मारकावर बदाम काढून स्वतःचं नाव लिहिणाऱ्यांसाठी: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेवढ्यात ताडोबाच्या किती सफाऱ्या होतील, हिशोब करा.

तर या रविवारी एकच ठिकाण निवडा. पाणी न्या, बाटली परत आणा, चहा तिथल्याच टपरीवर प्या. तेच तुमचं तिकीट. आणि तुमच्या गावाजवळ अशी एखादी जागा असेल तर व्हॉइस नोट पाठवा. नाव, रस्ता आणि तिथं कोणाला विचारून जायचं, एवढं सांगा. पुढचा भाग तुमच्या जागांचा करू.

चला, भेटू. हेल्मेट घाला!