आधी त्यांची भाषा

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यातले कितीतरी जण आता चाकण, भोसरी, तळवड्याच्या कारखान्यांत रुजू होतील. एकाच लाइनवर बिहारचा, ओडिशाचा, मराठवाड्याचा कामगार असेल आणि त्यांना काम सांगणारे तुम्ही असाल. म्हणून आज शब्दांविषयी बोलतो, एक ख्रिस्ती माणूस म्हणून बोलतो.

बायबलमध्ये पेंटेकॉस्टच्या दिवसाची हकिगत आहे. यरुशलेमेत देशोदेशीचे लोक जमले होते आणि शिष्यांचं बोलणं प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं. आधी आमची भाषा शिकून या, असं त्यांना कुणी बजावलं नाही. देवच माणसाच्या बोलीत उतरला, ही माझी श्रद्धा आहे.

आमच्या चर्चने मात्र हे वारंवार विसरून दाखवलं. सोळाव्या शतकात गोव्यात देवळं पाडली गेली, लोकांची पुराणं काढून घेतली गेली. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने तिथल्या भाषेवरच बंदी आणली. त्याच गोव्यात १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री आला. आमची पुराणं गेली, त्या जागी काहीतरी द्या, असं नवख्रिस्ती लोक मागत होते. स्टीफन्सने मराठी आपलीशी केली, ओवी आपलीशी केली आणि सुमारे ११,००० ओव्यांचं क्रिस्तपुराण रचलं. १६१६ मध्ये ते राशोलला छापलं गेलं. तेवढ्याने लोकांवर झालेला अन्याय भरून निघत नाही. पण सत्तेच्या बाजूचा माणूस रयतेच्या छंदात बोलायला शिकला, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुढे हीच वाट मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी धरली. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. परक्या चालींवरची उपासनागीतं मराठी मनाला भिडत नाहीत हे ओळखून ते अभंगाकडे वळले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. पण टिळकांसारख्या मोठ्या कवीलाही घरात शब्द पुरले नाहीत. धर्मांतराने संसार दुभंगला, पत्नी लक्ष्मीबाई वेगळ्या राहिल्या आणि काही वर्षांनी स्वतः विचार करून, स्वतःच्या पावलांनी त्या वाटेवर आल्या. त्यांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचा. समोरच्याला वेळ देणं म्हणजे काय, ते त्यात दिसतं.

तुमच्या शॉपफ्लोअरवर हे रोज लागेल. पॉवर प्रेसवर सूचना कळली नाही तर बोटं जातात. नव्या मुलाने नुसतं 'हो साहेब' म्हटलं की पुढे जाऊ नका. काय समजलं ते त्याच्याच शब्दांत त्याला सांगू द्या. त्याला 'ए भैया' नको, नावाने हाक मारा. छठपूजेला सुट्टी मागितली तर त्या दिवशी त्याच्या घरी काय असतं ते विचारा. आणि त्याच्या बोलीतली चार वाक्यं तुम्हीच आधी शिका, कारण दोघांत अधिकार तुमच्याकडे आहे.