मुलांबाळांसह मुंबई



प्रवासाचा बेत बहुधा मोठीं माणसें आंखतात आणि त्याची परीक्षा मात्र लहान मुलें घेतात. कागदावर सुरेख दिसणारा कार्यक्रम तीन वर्षांच्या बालकाच्या एका रडण्यानें कोलमडतो, आणि मग तें मूल हट्टी ठरतें. वास्तविक हट्टी असतो तो बेत. आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतून दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटींत कितीतरी कुटुंबें मुंबई पाहावयास जातात. ज्या घरांत लहानमोठ्या वयाचीं मुलें आहेत, त्यांच्यासाठीं चार उपयोगी गोष्टी सांगाव्या असा आज माझा विचार आहे. आयुष्याचीं बरींच वर्षें शाळेंत मुलांच्या संगतींत गेलीं, तेवढाच माझा या विषयांतील अधिकार.

विवेचनाच्या सोयीसाठीं एक कुटुंब डोळ्यांपुढें आणूं. आईवडील, आजी, १४ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा आणि ३ वर्षांचें शेंडेफळ. मुक्काम चार दिवसांचा. या सहा जणांना एकच मुंबई पाहावयाची आहे काय? मुळींच नाहीं. धाकट्याला चालणारें, उडणारें, पोहणारें कांहीं तरी हवें. मधल्याला यंत्र कसें चालतें तें हवें. मोठीला जें पुस्तकांत वाचलें तें डोळ्यांनीं पाहावयाचें आहे. आणि आजीला सावली व बसावयास जागा हवी. म्हणून स्थळांची यादी करण्यापूर्वीं माणसांची यादी करावी. प्रत्येकास एक स्थळ निवडूं द्यावें, आणि दिवसास एकच मुख्य स्थळ ठेवावें. चार दिवसांत बारा स्थळें उरकणारांना घरीं परतल्यावर एकही नीट आठवत नाहीं.

आतां गाडीचा प्रश्न. बुलढाणा शहरास रेल्वे नाहीं. राजूर घाट उतरून मलकापूर गांठावें लागतें. खामगांवकरांना शेगांव सोयीचें. तेथून मुंबई सुमारें पांचशें किलोमीटर. विदर्भ एक्सप्रेससारखी रात्रीची गाडी धरली म्हणजे मुलें निजतात आणि सकाळीं मुंबई येते. आगाऊ आरक्षण हल्लीं ६० दिवस आधीं सुरू होतें. सुटीच्या दिवसांत तेव्हांच जागा धरावी. पांच वर्षांखालील मुलास वेगळी जागा न घेतल्यास भाडें पडत नाहीं. पांच ते बारा वर्षांच्या मुलास स्वतंत्र शायिका न घेतल्यास अर्धें भाडें पडतें आणि घेतल्यास पूर्ण; हा नियम २०१६ पासूनचा आहे. येथें काटकसर करूं नये. नऊ वर्षांचा मुलगा रात्रभर आईच्या पायांशीं वेटोळें करून निजला, तर मुंबईचा पहिला दिवस दोघांचाही वाया जातो.

मुंबईस बुधवारीं पोंचावें असें मी सुचवितों, आणि त्यास कारण आहे. राणीची बाग बुधवारीं बंद असते, आणि घारापुरीचीं लेणीं सोमवारीं बंद असतात. बुधवारीं उतरलें म्हणजे तो दिवस विश्रांतीचा. गाडींतून उतरल्यावर स्थानकाची इमारत मात्र बाहेरून दोन मिनिटें न्याहाळावी. स्टीव्हन्स नांवाच्या वास्तुशिल्पज्ञानें आंखलेली ती इमारत १८८७ सालीं उभी राहिली, आणि २००४ सालीं तिची जागतिक वारशांत गणना झाली. मग बिऱ्हाडीं जाऊन स्नान, भोजन, झोप. आणि संध्याकाळीं गिरगांव चौपाटीची वाळू. धाकट्याला तेवढ्या वाळूंत सारी मुंबई सांपडते.

गुरुवारीं सकाळीं राणीची बाग. तिचें आजचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. त्या वीरमातेचें जन्मस्थान आपल्याच जिल्ह्यांतील सिंदखेडराजा, हें मुलांना ठाऊक असतें. पण ठाऊक असणें वेगळें आणि पाहिलेलें असणें वेगळें. मुंबईस निघण्यापूर्वीं एखाद्या रविवारीं लखुजी जाधवांचा वाडा मुलांना दाखवून आणावा. मग त्या बागेच्या फाटकावरील नांव परकें राहत नाहीं. तेथील पेंग्विन पक्षी दक्षिण अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील जातीचे आहेत, बर्फांतले नव्हेत, ही गोष्ट मधल्यानें धाकट्यास समजावून सांगावी. शिकलेलें दुसऱ्यास सांगितलें म्हणजे तें पक्कें होतें, हा वर्गांतला अनुभव येथेंही उपयोगी पडतो.

शुक्रवारीं दोन तुकड्या कराव्या. घारापुरीस गेटवेपासून बोटीनें सुमारें तासभर लागतो, आणि पुढें शंभराहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. आजी आणि धाकट्यास त्या चढाची सक्ती कशासाठीं? वडिलांनीं मोठ्या दोघांना घेऊन लेणीं पाहावीं, आणि आईनें बाकीच्यांसह निवांत राहावें. किंवा आईनें जावें आणि वडिलांनीं धाकट्यास सांभाळावें. हा दुसरा पर्याय मी मुद्दाम सांगतों, कारण तो बहुतेक घरांत कोणाला सुचतच नाहीं. बोटींत प्रत्येकानें जीवरक्षक जाकीट अंगांत घालावें. १८ डिसेंबर २०२४ रोजीं याच मार्गावरील प्रवासी बोटीस नौदलाची वेगवान नौका धडकून कित्येकांचे प्राण गेले, हें विसरूं नये. शनिवारीं सकाळीं मधल्यासाठीं वरळीचें नेहरू विज्ञान केंद्र. १९८५ सालीं स्थापन झालेल्या या केंद्रांत उपकरणांना हात लावून पाहण्याची मुभा असते, आणि नऊ वर्षांच्या मुलास याहून मोठें सुख नाहीं.

आतां ज्या गोष्टीसाठीं मी हें भाषण करावयाचें ठरविलें, तिच्याकडे वळतों. अशा प्रवासांत सर्वांत कमी कोण पाहतें? १४ वर्षांची ताई. धाकटा झोपला, ताईच्या खांद्यावर द्या. पाणी संपलें, ताईला पाठवा. रांगेंत सामानापाशीं कोण थांबणार? ताई. ती बोलत नाहीं, म्हणून तिची तक्रार नाहीं असें आपण समजतों. पुढल्या वर्षीं ती दहावींत जाईल, मग शिकवण्या, मग बाहेरगांवचें शिक्षण. घरच्या सर्व माणसांसह निवांतपणें केलेला हा तिचा कदाचित् शेवटचा प्रवास असेल. तो तिनें दाईपणांत घालवावा काय? तेव्हां माझी विनंती अशी कीं, धाकट्यास उचलण्याची पाळी वेळ लावून वांटून घ्यावी आणि तींत मुलगाही असावा. नऊ वर्षांचा मुलगा भावाचा हात धरूं शकतो. ताईकडे जबाबदारी द्यावयाची तर अधिकाराचीही द्यावी: नकाशा तिच्या हातीं, खर्चाची वही तिच्याकडे, आणि एक अर्धा दिवस सर्वस्वीं तिच्या निवडीचा, मग तो संग्रहालयांत जावो कीं पुस्तकांच्या दुकानांत.

गर्दीविषयीं दोन शब्द. लोकलनें सकाळीं आठ ते अकरा आणि सायंकाळीं पांच ते आठ मुलांना नेऊं नये. चुकामूक झाल्यास काय करावयाचें तें आधींच सर्वांस पाठ असावें: फलाटावर राहिला त्यानें जागेवरून हलूं नये, गाडींत राहिला त्यानें पुढच्या स्थानकावर उतरून तेथेंच थांबावें, आणि मोठ्यांनीं शोधीत यावें. धाकट्याच्या खिशांत वडिलांच्या दूरध्वनीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. मुलांच्या मदतीसाठीं १०९८ आणि रेल्वेसाठीं १३९ हे क्रमांक मोठ्या मुलांकडून घोकून घ्यावे.

परतीची गाडी घेतांना ती मुंबईहून केव्हां सुटते एवढेंच न पाहतां मलकापुरास केव्हां पोंचते तें पाहावें. संध्याकाळीं सुटणाऱ्या गाड्या तेथें भलत्या अपरात्रीं येतात. झोपेंतलीं मुलें आणि सामान घेऊन त्या वेळीं घाट चढण्यापेक्षां उशिरां सुटून उजाडतां पोंचणारी गाडी बरी.

घरीं आल्यावर प्रत्येकास एकच प्रश्न विचारावा: काय आवडलें? सहा जणांचीं उत्तरें सहा निघालीं, तर प्रवास उत्तम झाला असें समजावें. आणि ताईचें उत्तर सर्वांत लांब असेल, तर बेत करणारास पैकींच्या पैकीं गुण द्यावयास माझी हरकत नाहीं.