टाकी हलवल्यावर आजारी पडलेला मासा

घर बदललं, खाऱ्या पाण्याची टाकी नव्या जागी आली आणि दोनच दिवसांत ब्लू टँग मासा कोपऱ्यात धापा टाकू लागला. अशा वेळी औषधाची बाटली लगेच उघडू नका. आधी पाणी तपासा. हलवाहलवीत तळाची वाळू ढवळली जाते, फिल्टर कोरडा पडला तर त्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि अमोनिया वाढतो. समुद्री टाकीचा पीएच 8.1 ते 8.4 असतो, आणि अशा पाण्यात अमोनिया अधिकच विषारी ठरतो. सगळेच मासे एकदम धापा टाकत असतील तर पहिला संशय पाण्यावर घ्या. टाकीतलं काही पाणी काढून तेवढ्याच खारटपणाचं आणि तापमानाचं ताजं पाणी लगेच घाला.

पाणी ठीक निघालं, तर टॉर्चच्या तिरक्या उजेडात माशाचं अंग पाहा. मिठाच्या कणाएवढे सुटे पांढरे ठिपके म्हणजे बहुधा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी. ठिपके काही दिवसांत गळतात, मासा बरा झाला असं वाटतं. प्रत्यक्षात परजीवी तळाशी कोशात वाढत असतो आणि मोठ्या संख्येनं परततो. या फसव्या सुधारणेमुळे कितीतरी मासे हकनाक जातात. अतिशय बारीक, सोनेरी झाक असलेली भुकटी अंगावर दिसली आणि श्वास फार जलद असला, तर मात्र अमायलूडिनियम या दुसऱ्या परजीवीचा संशय घ्या. त्यात मासा काही दिवसांतच दगावतो, म्हणून उपचार त्याच दिवशी हवेत.

दोन्हींवर तांब्याचं औषध चालतं, पण वेगळ्या टाकीत आणि मात्रा रोज मोजून. मुख्य टाकीत ते घातलं तर प्रवाळ आणि कोळंबी मरतील.