बाणकोटचा पहिला पाद्री
(कुडपण येथील साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



मागच्या बुधवारी वर्ग सुटला. सगळे घरी गेले. एक मावशी मात्र मागे थांबल्या. पाटी पुसत पुसत त्या म्हणाल्या, "गुरुजी, दोन वर्षं झाली, मी देवापुढं दिवा लावला नाही. पोरगा गेला तेव्हापासून हातच उठत नाही. आता कधी कधी लावावासा वाटतो. पण एकदा सोडलेलं परत धरता येतं का? देव काय म्हणेल? आणि लोक काय म्हणतील?"

आम्ही तेव्हा उत्तर दिले नाही. "पुढच्या बुधवारी बोलू," एवढेच म्हणालो. आम्ही पडलो मास्तर. कीर्तनकार नव्हे की बुवा नव्हे. घरी गेलो, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग एक गोष्ट आठवली. माणूस परक्या देशाचा, परक्या धर्माचा. पण गोष्ट आपल्या सावित्री नदीच्या काठची आहे, म्हणून सांगतो. मावशींनी परवानगी दिली आहे, म्हणून त्यांचा प्रश्नही सांगितला. नाव सांगणार नाही.

तुमचे कुडपण डोंगरावर. इथून उतरले की पोलादपूर. तिथे सावित्री भेटते. ती महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला जाते आणि पुढे बाणकोटजवळ समुद्राला मिळते. 2016 सालच्या ऑगस्टात महाडजवळचा जुना पूल हिनेच रातोरात नेला, ते तुम्हाला सांगायला नको. पण आधीच्या काळी हीच नदी म्हणजे रस्ता होता. गलबते खाडीतून वर यायची. मीठ वर यायचे, तांदूळ खाली जायचा.

या नदीच्या तोंडाशी, दक्षिणेच्या अंगाला, बाणकोटचा किल्ला आहे. 1756 पासून तो इंग्रजांकडे होता. त्यांनी त्याला व्हिक्टोरिया असे नाव ठेवले. पुणे त्यांच्या हाती पडायच्या साठ वर्षे आधी ते इथे येऊन बसले होते. 1823 साली या बाणकोटला एक पाद्री आला. पाद्री म्हणजे ख्रिस्ती धर्माचा उपदेश करणारा. त्याचे नाव डोनाल्ड मिचेल. तो स्कॉटलंडचा. स्कॉटलंड म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेला लागून असलेला डोंगराळ मुलूख. तिथेही धुके पुष्कळ, पाऊस पुष्कळ. त्याला आपला कोकण फार परका वाटला नसेल, असे आमचे आपले मत.

आता या मिचेलची खरी गोष्ट.

तरुणपणी तो पाद्री होण्यासाठीच शिकत होता. धर्माचे ग्रंथ वाचत होता. पण वाचता वाचता त्याच्या मनात शंका शिरली. ख्रिस्ती लोक येशूला देव मानतात. त्या काळी त्यांच्यातलाच एक पंथ म्हणत असे, येशू थोर माणूस खरा, पण देव नव्हे. मिचेलला ते पटले. झाले! ज्या पायावर पाद्र्याचे सगळे काम उभे, तो पायाच हलला.

आता अशा वेळी माणूस काय करतो? बहुतेक जण गप्प बसतात. कारण त्या देशात पाद्रीपण म्हणजे राहायला घर, वर्षाचे वेतन आणि गावात मान. तोंडाने म्हणायचे एक, मनात ठेवायचे एक. कोणाला कळते? मिचेलने तसे केले नाही. जे आपल्याला पटत नाही ते दुसऱ्याला कसे सांगायचे? त्याने ती वाट सोडली. कंपनी सरकारच्या पलटणीत अधिकाऱ्याची जागा धरली आणि तो हिंदुस्थानात आला. काल हातात पोथी होती, आज तलवार आली.

इथे आम्हाला थोडे आमचे सांगितले पाहिजे. सांगायला जड जाते. पण मावशींनी आपले मन उघडे केले, आणि आम्ही मात्र परक्या साहेबाची गोष्ट सांगून मोकळे व्हायचे, हे बरे नव्हे.

आम्ही तेव्हा एका खेड्यातल्या शाळेवर होतो. पावसाळ्याचे दिवस. सकाळपासून पाऊस वाढत होता. पलीकडच्या वाडीची मुले ओढा ओलांडून येत. शाळा दुपारीच सोडायला हवी होती. पण तपासणी जवळ आली होती आणि आमचे हजेरीपट पुरे व्हायचे होते. आम्ही ते लिहीत बसलो. शाळा नेहमीच्या वेळी सुटली. चौथीतला एक मुलगा ओढ्यातून वाहून गेला. दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला सापडला.

कोणी आम्हाला बोल लावला नाही. "देवाची इच्छा," असे लोक म्हणाले. मुलाची आईसुद्धा तेच म्हणाली. आम्हाला मात्र तो शब्द ऐकवेना. दुसऱ्या आठवड्यात शाळा भरली. हात जोडून प्रार्थना सुरू केली, तर आतून काहीच येईना. ओठ तेवढे हलले. मंडळी, तशी दोन वर्षे आम्ही ओठ हलवले. मुलांना वाटे, गुरुजी प्रार्थना म्हणतात. आम्ही नोकरी सोडली नाही. घरी खाणारी तोंडे पाच, सोडणार कशी? म्हणून त्या मिचेलची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा आम्हाला आमचीच लाज वाटली.

असो. त्याची गोष्ट पुढे चालवू.

मिचेलची पलटण सुरतेस होती. सुरत म्हणजे त्या वेळचे मोठे बंदर. तिथे लंडनच्या मिशनचे पाद्री काम करीत. मिशन म्हणजे धर्माच्या कामासाठी माणसे पाठवणारी संस्था. हे सुरतेचे पाद्री गुजराती शिकले होते. आपल्या धर्मग्रंथाचे गुजरातीत भाषांतर करून छापीत होते. सुरतेच्या मुक्कामात मिचेलचा गेलेला विश्वास परत आला. आत नेमके काय घडले, ते त्याचे त्याला ठाऊक. असल्या गोष्टी बाहेरून दिसत नाहीत. जमिनीत बी कोणत्या घडीला फुटते, ते कधी कोणी पाहिले आहे?

विश्वास आला, तर बराकीत बसूनही देवाचे नाव घेता आले असते. पलटणीत पगार होता, बढती होती. पण मिचेलने आपण जी वाट सोडली होती तीच पुन्हा धरली. पलटणीचे काम सोडले. स्कॉटलंडला परत गेला. रीतीप्रमाणे दीक्षा घेतली. त्याला ओळखणारे लोक तिथे असतीलच. "हाच ना तो, देव नाही म्हणून गेलेला?" असे कोणीतरी म्हटलेच असेल. मावशी, लोक काय म्हणतील, हे स्कॉटलंडातही असतेच हो!

स्कॉटिश मिशनरी सोसायटी नावाची एक संस्था होती. तिने हिंदुस्थानात पाठवलेला पहिला माणूस म्हणजे हा मिचेल. 1822 साली तो निघाला. तेव्हा सुएझचा कालवा नव्हता. तो 1869 साली झाला. जहाज आफ्रिकेला वळसा घालून, शिडाच्या जोरावर, कित्येक महिन्यांनी मुंबईस पोचे. 1823 च्या आरंभी तो मुंबईस उतरला.

त्याला जायचे होते पुण्यास. पण सरकारने परवानगी दिली नाही. पेशवाई जाऊन पाचच वर्षे झाली होती. एल्फिन्स्टन साहेब मुंबईचे गव्हर्नर होते. ते धोरणी गृहस्थ. नव्या जिंकलेल्या मुलखात धर्माच्या कारणावरून लोक बिथरतील, अशी सरकारला धास्ती होती. आमच्या मते ती धास्ती खोटी नव्हती. आज राज्य घेतले आणि उद्या धर्मावर आले, असे लोकांना वाटणारच. तेव्हा पुणे राहिले, आणि मिचेलच्या वाट्याला बाणकोट आले.

बाणकोटची तेव्हा उतरती कळा होती. आदल्याच वर्षी, म्हणजे 1822 साली, जिल्ह्याची कचेरी तिथून रत्नागिरीला हलली होती. कचेरी गेली की गावाचे काय होते, ते तुम्ही जाणता. वकील जातात, कारकून जातात, दुकानदार हात चोळीत बसतो. अशा गावात हा माणूस येऊन राहिला. भाषा शिकायची, लोकांत मिसळायचे आणि शाळा काढायच्या, असा त्या मिशनचा बेत होता.

वर्षभरही त्याला मिळाले नाही. 1823 सालीच तो वारला.

एवढीच त्याची गोष्ट. किती वर्षे शंकेत गेली, किती पलटणीत गेली, किती समुद्रावर गेली. आणि ज्यासाठी परत आला ते काम हाती लागले न लागले तोच संपले. आम्ही हे पहिल्यांदा वाचले तेव्हा आम्हाला राग आला. कोणाचा, ते सांगता येत नाही. एवढ्या लांबून माणसाला परत आणायचे आणि पुरते एक वर्षही द्यायचे नाही?

त्याच्या मागून दुसरे पाद्री आले. जेम्स मिचेल म्हणून एक होता. आडनाव तेच, माणूस निराळा. कूपर, क्रॉफर्ड आणि स्टीव्हन्सन हेही आले. बाणकोटला आणि खाली हर्णैला त्यांनी मराठी शाळा चालवल्या. स्टीव्हन्सनने मराठीचे व्याकरण लिहिले. ते 1833 साली निघाले. 1829 साली जॉन विल्सन आणि त्याची बायको मार्गारेट असे जोडपे आले. मराठी शिकायला ते आधी बाणकोट-हर्णैला येऊन राहिले, मग मुंबईस गेले. मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. सावित्रीबाई फुले यांचा जन्म नुकताच, 1831 साली, व्हायचा होता, तो हा काळ. आणि गिरगाव चौपाटीसमोर विल्सन कॉलेजची दगडी इमारत आहे, ती तुमच्यातल्या मुंबईला राहून आलेल्या पुष्कळांनी पाहिली असेल. ते नाव याच विल्सनचे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ही मंडळी आपला धर्म पसरवायलाच आली होती. शाळा हे त्याचे साधन. त्यात लपवाछपवी नव्हती, आणि लोकांनाही ते कळत होते. पुढे मुंबईत त्यावरून मोठे तंटे झाले. 1839 साली काही पारशी मुलांनी धर्म बदलला तेव्हा मुंबई शहर खवळले होते. आपल्या कोकणातल्या लोकांनी काय केले? अक्षर घेतले, धर्म फारसा घेतला नाही. ज्याचे त्याचे भले. आम्ही वारकऱ्याच्या घरातले. मिचेलच्या देवाची वकिली करायला आम्ही उभे राहिलो नाही. त्याचे सोडणे आणि त्याचे परतणे, एवढेच आम्हाला तुमच्यापुढे मांडायचे आहे.

आणि सोडण्याची घटका काय एकट्या मिचेलवर आली? आपले तुकोबा घ्या. दुष्काळात त्यांची बायको अन्न अन्न करीत गेली. त्यांनी विठ्ठलाशी केलेली भांडणे घरोघरी म्हटली जातात. कलकत्त्याच्या मदर तेरेसा तुम्ही चित्रात पाहिल्या असतील, निळ्या काठाच्या पांढऱ्या लुगड्यातल्या. 1997 साली त्या वारल्या. 2007 साली त्यांची पत्रे छापली गेली. तेव्हा जग चकित झाले. कित्येक वर्षे आपल्याला देव जवळ वाटत नाही, आत अंधार आहे, असे त्या बाईंनी लिहून ठेवले होते. त्या अंधारातच त्या रोज उठून रस्त्यावरचे मरणारे लोक उचलीत होत्या. मिचेलला विश्वास गेल्यावर काम सोडणे खरेपणाचे वाटले. या बाईंनी विश्वास सापडेना तरी काम धरून ठेवले. दोघांत खरा कोण? आम्ही पुष्कळ विचार केला. आम्हाला निवडता आले नाही.

आता आमचे उरलेले सांगतो. तो मुलगा गेल्याला दोन वर्षे झाली. जून महिना. शाळा नुकती उघडली होती. त्या मुलाची आई धाकट्या मुलीला घेऊन दारात उभी राहिली. पोर छत्रीखाली, आई भिजलेली. "गुरुजी," ती म्हणाली, "हिचं नाव घाला." आम्ही टाक उचलला. हात कापत होता. नाव लिहिले, जन्मतारीख लिहिली. मग आम्ही म्हणालो, "बाई, पाऊस वाढला की हिला आम्ही स्वतः ओढ्यापलीकडे पोचवू." ती म्हणाली, "म्हणून तर आणली."

त्या दिवशी आमचा देव परत आला, असे आम्ही म्हणणार नाही. खोटे कशाला बोला? पण त्या पावसाळ्यात आम्ही रोज वाडीच्या मुलांबरोबर ओढ्यापर्यंत जात होतो. आणि कधीतरी, दिवाळीच्या सुटीच्या आधी, सकाळच्या प्रार्थनेला आमचा आवाज आम्हालाच ऐकू आला. कोणत्या दिवशी, ते आता आठवत नाही.

मावशी आज पुढेच बसल्या आहेत. मावशी, दिवा कधी लावायचा, लावायचा की नाही, ते तुमचे तुम्ही ठरवा. आम्ही विचारायला येणार नाही, आणि वर्गातल्या कोणीही विचारू नये.

आता पुस्तके उघडा. भिंतीवर रायगड जिल्ह्याचा नकाशा लावला आहे. ज्याला वाचता येईल त्याने पुढे यावे. पोलादपूरवर बोट ठेवायचे आणि नदीच्या रेघेने खाली जायचे. महाड, दासगाव, आंबेत, बाणकोट. वाटेत जे गाव लागेल त्याचे नाव मोठ्याने वाचायचे. मावशी, पहिल्या तुम्ही या.