वाकड्या करंगळीचा न्यायमूर्ती



ओहायो राज्यातलं कॅन्टन हे पोलाद कारखान्यांचं गाव. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे अमेरिकन फुटबॉलमधल्या थोर खेळाडूंचं संग्रहालय बांधलं जात होतं, ‘हॉल ऑफ फेम’. बांधकामावर हाताला काम मिळालेल्यांत गावातला एक काळा शाळकरी मुलगाही होता. १९८८ साली त्याच वास्तूत त्याचा अर्धपुतळा बसला. त्याचं नाव ॲलन पेज.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे अंगाला अंग भिडवण्याचा खेळ. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकभोवती धिप्पाड माणसांची भिंत उभी असते. ती फोडून त्याच्यापर्यंत पोहोचायचं, हे पेजचं काम. १९६७पासून तो मिनेसोटा वायकिंग्ज संघात होता आणि १९७१ साली संपूर्ण लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हा मान तोवर एकाही बचावपटूला मिळाला नव्हता. चार वेळा त्याचा संघ अंतिम सामन्यात पोहोचला आणि चारही वेळा हरला. त्या पराभवांवर अमेरिकेत पुष्कळ लिहिलं गेलंय. मला मात्र त्याच संघाच्या बैठकीतला एक साधा प्रसंग जास्त बोलका वाटतो.

डावपेचांची वही प्रत्येकाने मोठ्याने वाचायची होती. वाचताना पेजच्या लक्षात आलं की सोबतच्या काहींना धड वाचताच येत नाही. हे सगळे शाळा-कॉलेजातून पुढे आलेले खेळाडू होते. चेंडूमागे धावणाऱ्या या मुलांना वर्गावर्गातून पुढे ढकलताना कुणालाच काही वाटलं नसेल का? हा प्रश्न पेजला आयुष्यभर सलत राहिला. मलाही तो फार अस्वस्थ करतो.

वकिलीचं वेड त्याला लहानपणापासून होतं. टीव्हीवरचा वकील पेरी मेसन बघत तो वाढला. कायद्याच्या शिक्षणाचा पहिला प्रयत्न काही आठवड्यांतच सोडावा लागला. पण तो पुन्हा उभा राहिला आणि खेळ चालू असतानाच १९७८ साली मिनेसोटा विद्यापीठाची पदवी घेतली. त्याच सुमारास त्याला धावण्याचा छंद लागला. वजन उतरलं आणि संघाला ते मानवेना. त्याच वर्षी मोसमाच्या मध्यावर संघाने त्याला मोकळं केलं, आणि शिकागो बेअर्सने अवघे १०० डॉलर भरून त्याला घेतलं. एके काळच्या सर्वोत्तम खेळाडूची ही किंमत! तिथे तो १९८१पर्यंत खेळला. सलग २१८ सामने, एकही न चुकवता.

मग वकिली. १९९२ साली त्याला मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची निवडणूक लढवायची होती. तिथे न्यायमूर्ती मतदानाने निवडले जातात. पण गव्हर्नरने विद्यमान न्यायमूर्तींची मुदत वाढवली आणि निवडणूकच टळली. पेज कोर्टात गेला, खटला जिंकला, मग निवडणूकही जिंकला. त्या न्यायासनावर बसलेला तो पहिला आफ्रिकन-अमेरिकन. २०१५मध्ये, सत्तराव्या वर्षी, नियमाप्रमाणे तो निवृत्त झाला.

हॉल ऑफ फेमच्या १९८८च्या त्या सन्मान सोहळ्यात त्याने स्वतःची ओळख करून द्यायला प्रशिक्षकाला बोलावलं नाही. मिनिआपोलिसच्या एका हायस्कूलच्या मुख्याध्यापिकेला बोलावलं, आणि भाषण केलं ते शिक्षणावर. त्याच वर्षी पत्नी डायनसह शिष्यवृत्त्यांसाठी संस्था काढली. तिची अट मला विलक्षण मोलाची वाटते: पैसे घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्याहून लहान मुलांना शिकवायचं, वेळ द्यायचा. कॉलेजातल्या मुलाला पाहून दुसरी-तिसरीतल्या पोराला वाटावं, हे मलाही जमेल.

खेळताना निखळलेली त्याची करंगळी आजही काटकोनात बाहेर वळलेली आहे. शाळाशाळांतून तो मुलांना पुस्तकं वाचून दाखवतो, तेव्हा मुलांचे डोळे तिच्यावरच खिळतात. शेवटी त्याने आपल्या मुलीबरोबर त्या करंगळीवरच मुलांसाठी एक पुस्तक लिहिलं.